जाड्या पडद्याचं सोवळं

संगणकांना भलंमोठं पोट असायचं, त्या काळातला मी पडदा. माझ्या काचेत शिसं होतं, म्हणून मी वजनदार आणि वजनापेक्षा जास्त गर्विष्ठ. खंडेनवमीला कचेरीत यंत्रांची पूजा व्हायची, तेव्हा झेंडूचा पहिला हार माझाच.

एका खंडेनवमीला शेजारी पापडासारखा नवा पडदा आला. मी हिणवलं, "अंगात शिसंसुद्धा नाही! मग आहे तरी काय तुझ्यात?"

"नाही तेच बरंय, आजोबा," तो म्हणाला.

तेवढ्यात मला न्यायला दोन माणसं आली. त्यांनी हातमोजे घातले, तोंडाला फडकी बांधली. कचेरीतल्या मंदाकिनीबाई ओरडल्या, "सांभाळून हो! फुटला तर शिसं मातीत मुरेल, मागेच विहीर आहे!"

मी नव्याकडे ऐटीत पाहिलं. "बघ, उघड्या हाताने मला कुणी शिवत नाही. याला म्हणतात सोवळं!"

मला पेटीत बंद केलं. फटीतून दिसत होतं. मंदाकिनीबाईंनी नव्याला बोटाने गंध लावलं आणि त्याच हाताने त्या पेढे वाटू लागल्या. माझ्या माणसांपुढेही त्यांनी पेढा धरला.

ती दोघं मागे सरली. "आधी साबण द्या, बाई. पेढा मग."