अर्ध्या निरोपाचा पोपट

माणसं रानात यायच्या आधीची गोष्ट. तेव्हा एक पोपट उंबरावर बसून कुणाचाही निरोप रानभर ऐकवायचा, तोही फुकट. त्यामुळे स्वतः ओरडायची सवयच सगळ्यांची मोडली होती.

एकदा टिटवी धापा टाकत आली. "लवकर सांग! 'मगर गेली, सगळे तळ्यावर या, असं कोल्हा सांगतोय. त्याचं ऐकू नका, मगर तिथंच आहे.'"

"फुकटात एवढं मावत नाही, ताई," पोपट म्हणाला. "अख्खा निरोप हवा तर पेरू आण."

"अरे मेल्या, जीव जातील!"

"मग दोन आण. तातडीचा दर वेगळा."

टिटवी पेरू शोधायला उडाली, तोच मागून पोपटाचा खणखणीत आवाज आला, "मगर गेली, सगळे तळ्यावर या!"

तहानलेली हरणं, ससे तळ्याकडे धावत सुटले. टिटवी तशीच मागे वळली. ती त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत घसा फुटेस्तोवर ओरडली, "मागे फिरा!" त्या कर्कश आवाजानं सगळे दचकून काठावरच थांबले. समोर पाण्यातून मगरीनं जबडा वासला, तसे जीव घेऊन पळाले.

तेव्हापासून टिटवी स्वतःच ओरडते, वेळ-अवेळ बघत नाही. झोपमोड होते म्हणून रान कुरकुरतं. पण तिला गप्प बस, असं कुणी म्हणत नाही.