झाडावरचा बेडूक

एका जंगलात एक हरिणी आपल्या पाडसाला घेऊन राहत असे. जंगल म्हटल्याबरोबर, मुलांनो, तुम्ही हिरवीगार झाडी आणि झुळझुळणारा ओढा डोळ्यांपुढे आणला असेल. झाडी खुशाल आणा. ओढा मात्र जांभळट रंगाचा आणा, कारण ही गोष्ट सुरू झाली तेव्हाच त्याची तशी दशा झाली होती.

त्याचं असं झालं, की एका तरसानं ओढ्याच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना काढला. वाघ-बिबट्यांचे पट्टे आणि ठिपके म्हातारपणी फिके पडतात, ते पुन्हा काळेभोर करून द्यायचे, हा त्याचा धंदा. भट्ट्या पेटल्या, कढया उकळल्या आणि उरलेलं रंगाचं पाणी बिनदिक्कत ओढ्यात जाऊ लागलं. कुणी कुरकुरू नये म्हणून तरस दर आठवड्याला घरोघरी मिठाचा खडा वाटायचा. गवत खाणाऱ्यांना मिठाची केवढी हाव असते, ते एखाद्या गाईला विचारा! सगळे मिटक्या मारीत मीठ चाटायचे आणि तरसाला दुवा द्यायचे.

त्या जंगलात पूर्वापार एक चाल होती. संध्याकाळी सगळ्यांनी पाणवठ्यावर जमायचं आणि बेडूक 'डरांव' बोलला की मगच पाण्याला तोंड लावायचं. बेडूक पाण्यात सुखरूप आहे, म्हणजे पाणी चांगलं. बेडूक गप्प असेल, तर त्या दिवशी तहानलेलंच परतायचं. चाल शहाणपणाची होती. चाल पाडणारे बहुतेक शहाणेच असतात हो, पुढे पाळणाऱ्यांचं काही सांगता येत नाही.

कारखाना निघाल्यावरही बेडूक रोज बोलत होता, म्हणून सगळे रोज पीत होते. पण सशांची पिल्लं उपजताच मरू लागली. माकडं खोकून खोकून बेजार झाली. हरिणीच्या पाडसाच्या अंगावरचे केस झडले आणि उभं राहिलं की त्याचे पाय लटपटू लागले. हरिणी घाबरून गव्याकडे गेली. गवा त्या जंगलाचा पुढारी. तो म्हणाला, "अगं, बेडूक बोलतोय ना रोज? मग पाण्याला कशाला नावं ठेवतेस? तुझंच दूध कमी पडत असेल." बिचारी स्वतःलाच दोष देत परत आली. आईला दोष द्यायला लोकांना कधी वेळ लागत नाही, बघा!

एका संध्याकाळी पाणवठ्यावर पाडस मान वर करून म्हणालं, "आई, बेडूक झाडावर राहतो का गं?"

हरिणीनं वर पाहिलं. फांदीवर एक भृंगराज पक्षी बसला होता. हा पक्षी दुसऱ्यांच्या आवाजाची नक्कल करण्यात मोठा पटाईत. तो गळा फुगवून 'डरांव, डरांव' करत होता, आणि खाली सगळं जंगल माना वाकवून पाणी पीत होतं.

"अरे मेल्या, हे काय चालवलंयस?" हरिणी ओरडली. "बेडूक कुठे आहेत?"

"बेडूक कधीच मेले, ताई," भृंगराज खालच्या आवाजात म्हणाला. "तरसदादांनी मला ठेवलंय. त्यांच्या भट्टीच्या उजेडाला किडे येतात, त्यावर माझी पिल्लं जगतात. मी गप्प बसलो तर ती काय खातील?"

"आणि तुझी पिल्लं पाणी कुठलं पितात?"

भृंगराजानं मान फिरवली. "पानांवरचं दव," तो म्हणाला.

हरिणीनं तिथेच सगळ्यांना थांबवलं आणि झाडावरचा बेडूक दाखवला. तुम्हाला वाटेल, आता सगळे चवताळून कारखान्यावर गेले असतील. छे! सगळे गव्याच्या तोंडाकडे बघत बसले. गवा बराच वेळ रवंथ करून म्हणाला, "चाल काय आहे? डरांव ऐकू आलं की प्यायचं. ते ऐकू आलं. कुठून आलं, हे वाडवडिलांनी काही सांगून ठेवलेलं नाही." तेवढ्यात तरसही आला. "खाल्ल्या मिठाला जागा, मंडळी," एवढंच तो हसून बोलला. माकडांना खोकला आवरेना, पण तेवढ्यातही त्यांनी माना डोलावल्या.

हरिणीनं मग कुणाची वाट पाहिली नाही. डोंगरापलीकडे एक झरा होता. पाडसाला पुढे घालून ती चढू लागली. पाडस चार पावलं चालायचं आणि बसायचं. ती त्याला चाटायची, नाकानं ढकलायची, पुन्हा उठवायची. अर्ध्या चढणीवर ते जे बसलं ते उठेचना. ऊन कलत होतं. त्याचा घसा कोरडा पडला होता. तेवढ्यात खालून, दूरवरून आवाज आला, 'डरांव, डरांव.'

"आई, बोलला गं बेडूक," पाडस म्हणालं. "आता देशील पाणी?"

हरिणी नुसती त्याचं डोकं चाटत राहिली, आणि चाटता चाटताच तिला कळलं की ते गेलं.

दुसऱ्या दिवशी सगळं जंगल चढणीवर भेटायला आलं. तरसही आला. येताना त्यानं मिठाचा खडा आणला होता, नेहमीच्यापेक्षा चांगला मोठा. तो पाडसाजवळ ठेवून तरस म्हणाला, "फार वाईट झालं, ताई. दोष पाण्याचा म्हणता येणार नाही, पण आपली माणुसकी म्हणून."

हरिणीनं खड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुणीतरी बोला रे," ती म्हणाली. "आज माझं गेलं, उद्या तुमचं जाईल."

गव्यानं इकडे तिकडे पाहिलं, मग तो हळूच पुढे सरकला आणि खडा चाटू लागला. मग बाकीचेही सरकले. पाडसाच्या भोवती गर्दी झाली, आणि त्या गर्दीत पाडसाकडे बघणारी एकटी त्याची आई होती.

ती तिथेच बसून राहिली. पण तहान कुणाला सुटली आहे, मुलांनो? डोंगर चढायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं, आणि आता घाई तरी कुणासाठी करायची? काही दिवसांनी ती खाली उतरली. भृंगराज फांदीवर बसून बोलत होता. सगळे पीत होते. एका ससुलीनं तिला जागा करून दिली. हरिणीनं मान वाकवली आणि तीही प्यायली.

तात्पर्य : ज्याचं मीठ जिभेवर असतं, त्याच्या पाण्याला वाईट म्हणायला ती जीभ वळत नाही, आणि मोठ्यांच्या या गप्प बसण्याची शिक्षा आधी पिल्लांना होते.