मागे बांधलेले हात

बाजाराच्या एका गावात एक वृद्ध मिस्त्री राहत असे. उमेदीची सगळी वर्षे त्याने रेडिओ दुरुस्त करण्यात घालवली. रेडिओ गेले, तसा तो संगणकांकडे वळला. लोकांनी जुनी झाली म्हणून टाकलेली यंत्रे तो घ्यायचा, धूळ झटकायचा आणि त्यांत लिनक्स नावाची प्रणाली बसवायचा. ही प्रणाली जगभरच्या माणसांनी मिळून घडवलेली आहे, आणि ती विनामूल्य मिळते. थकलेल्या यंत्रालाही ती झेपते. नवख्याला ती बसवून द्यायची, अडले तर सोडवून द्यायचे, एवढेच त्या म्हाताऱ्याचे व्रत. स्वभावाने इतका शांत, की त्याचा चढलेला आवाज गावात कुणी ऐकला नव्हता. तो एकदाच चढला. ही त्या दिवसाची गोष्ट.

त्याचा एक शिष्य होता, निनाद. शिकून इंजिनिअर झालेला, बुद्धीने तल्लख. की-बोर्डवर त्याची बोटे अशी धावत, की पाहणाऱ्याला काहीच उमजू नये. बहुधा त्याला तेच आवडत असावे.

एके सकाळी अनसाबाई आल्या, काखेत चादरीत गुंडाळलेला संगणकाचा डबा. शेजारच्या वाडीतल्या बायकांच्या गटाने तो याच दुकानातून नेला होता. दाखल्याचे, पेन्शनचे अर्ज अनसाबाई त्यावर टाइप करून देत. वाडीतल्या म्हाताऱ्यांचे तालुक्याचे खेटे त्यामुळे वाचत.

"परत?" निनाद म्हणाला.

"चौथ्यांदा, दादा. काळा पडदा अन् पांढरी अक्षरं. पुढं सरकतच नाही." त्या उभ्याच होत्या. "उद्या गटाची बैठक आहे. बाया म्हणतात, भंगारात घाला हे धूड. आणायचं माझ्याच डोक्यातून निघालेलं, तर बोलणी मलाच."

निनादने वायरी जोडल्या. पडद्यावर तीच अक्षरे आली. त्याने ती वाचलीसुद्धा नाहीत.

"काय करता हो तुम्ही याचं? इतरांची नीट चालतात, तुमचंच कसं बिघडतं?"

"काही करत नाही, दादा."

"न करता बिघडत नसतं. सरका." आणि दाखवायला पुढे आलेल्या त्यांच्या हाताखालून त्याने की-बोर्ड ओढून घेतला.

ते ओढणे म्हाताऱ्याने पाहिले. तो उठला, खांद्यावरचा पंचा काढला, शिष्याचे दोन्ही हात मागे खेचले आणि मनगटे करकचून बांधली.

"मिस्त्रीकाका! अहो, हे काय?"

"गप्प!" बाहेरून जाणारी माणसे थबकली, असा तो आवाज. "यंत्र त्या बाईचं आहे. हात तिचे चालतील. तुझं फक्त तोंड चालेल, आणि तेही जपून!"

निनाद अपमानाने लाल झाला. पण गाठ पक्की होती.

"टाका मग," तो धुसफुसत म्हणाला. "डिस्क दुरुस्त करायची आज्ञा. इंग्रजी एफ, एस, सी, के."

"एफ कुठं असतो?"

"समोर तर..." म्हाताऱ्याने नुसते पाहिले. "अक्षरांच्या मधल्या ओळीत. डावीकडून चौथं."

"टाकली चारही. अन् आता?"

"आता एक जागा सोडून तिरकी रेघ."

"ती कुठं?"

निनाद थांबला. त्याच्या बोटांना ते ठाऊक होते, त्याला नव्हते. बांधल्या हातांनी वाकून त्याला शोधावे लागले. "प्रश्नचिन्हाच्या खाली," तो म्हणाला, जरा हळू.

रेघेपुढे डिस्कचे नाव घालायचे होते. ते पडद्यावर लिहिलेले होते, म्हणून त्याला पडदा वाचणे भाग पडले. तिथे स्पष्ट लिहिले होते की डिस्कवरची नोंद अर्धवट तुटलेली आहे. तीनदा त्याने ती दुरुस्त केली होती. ती तुटते का, हा प्रश्न त्याला आज पहिल्यांदा पडला.

"अनसाबाई, संध्याकाळी हे बंद कसं करता?"

"भिंतीवरचं बटण खाली करते. शिलाई मशीनची मोटर बंद करते, तसंच."

"अहो, असं नाही करायचं! ते आत लिहीत असतं, वीज गेली की लिहिणं मध्येच तुटतं. आधी पडद्यावरून बंद करायचं असतं. मला विचारायचं तरी!"

"विचारलं होतं, दादा." अनसाबाई की-बोर्डकडेच पाहत होत्या. "पहिल्याच दिवशी. तुम्ही म्हणालात, 'आता हेही मीच सांगू का?' मग नाही विचारलं."

म्हातारा शिष्याकडे वळला.

"ऐकलंस?" म्हातारा म्हणाला. राग अजून ओसरला नव्हता. "तीनदा तू यंत्र बरं केलंस आणि तीनदा त्याच भिंतीवरच्या बटणाकडे परत पाठवलंस. वर दोष बाईचा! बिघाड डिस्कवर व्हायच्या आधी या टेबलाशी झाला होता, त्या एका वाक्यात. विचारणारं माणूस गप्प केलंस तू. ते दुरुस्त करायची आज्ञा आहे का तुझ्याकडे? असेल तर टाइप कर, सोडतो हात!" मग त्याला धाप लागली. तो स्टुलावर बसला. "आणि त्या दिवशी मीही इथंच बसलेलो होतो. मला ऐकू आलं नाही की मी ऐकलं नाही, कोण जाणे. माझेही हात बांधायला हवे होते."

निनादने मान खाली घातली. पंचा सोडायला त्याने सांगितले नाही. उरलेली अक्षरे अनसाबाईंनी एकेक शोधून टाकली. यंत्र सुरू झाले. मग त्यांनी ते पडद्यावरून बंद केले, पुन्हा चालू केले, पुन्हा बंद केले. दुसऱ्यांदा बंद करताना निनादने काहीच सांगितले नाही. सांगावे लागलेच नाही.

दुसऱ्या दिवशी डबा उचलून निनाद स्वतः वाडीत गेला. बैठकीत गोदाक्का सर्वांत आधी बोलली. भंगाराचा धोशा तिचाच. अनसाबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी तिला संगणकासमोर बसवले, माऊस तिच्या हाती दिला आणि आपले दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आक्का, आता हे बंद करा."

"मला कुठं येतंय? तूच कर की!"

"मी नाही हात लावायची. विचारा. धा वेळा विचारा."

गोदाक्काने सहा वेळा विचारले. बायका हसल्या, सहाव्या वेळी ती स्वतःही हसली. पडदा मिटला, आतला पंखा थांबला.

"आता खाली करू ते भिंतीवरचं बटण?"

"आता करा."

भंगाराची गोष्ट त्या दिवशी पुन्हा निघाली नाही. निनाद दाराशी उभा राहून पाहत होता. त्याचे हात मागे होते, आणि त्यांना कुणी बांधलेले नव्हते.