राजाची पहिली आठवण

एका राज्यात रणकेसरी नावाचा राजा होता. त्याच्या दंडावर एक तांबडा मणी असे. मणी असेतो कोणी शत्रू त्याला जिंकू शकत नसे. जटाल नावाच्या जादूगाराने तो दिला होता आणि बदल्यात राजाची अगदी पहिली, बाळपणीची आठवण मागून घेतली होती. तिचे आपल्याला काय काम, म्हणून राजाने ती हसत देऊन टाकली.

तेव्हापासून राजा विसरू लागला. आधी अंगठी कुठे ठेवली ते, मग जेवण झाले की नाही ते, मग प्रधानाचे नाव. एके सकाळी राणी कुमुदिनी दुधाचा पेला घेऊन आली, तेव्हा त्याने अदबीने विचारले, "बाई, आपण कोण?"

राणीने नाव सांगितले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितले. अशी तीन वर्षे गेली. महाल माणसांनी भरलेला होता, पण जुन्या गोष्टी ज्याच्यापाशी बोलायच्या, तोच परका झाला होता.

मग एके दिवशी एक भारद्वाज पक्षी सज्जात उतरला आणि माणसाच्या वाणीने बोलला. मणी परत केल्यावाचून आठवण सुटणार नाही, आणि वाटेत तीन कसोट्या आहेत, असे त्याने सांगितले. राणीने राजाच्या दंडावरचा मणी सोडला. त्याने का म्हणूनही विचारले नाही. ती एकटीच निघाली.

पहिली कसोटी काळ्या नदीची. पाण्यात पाऊल टाकताच मागून राजाच्या आवाजात हाक आली, "कुमुदिनी!" ओ दिली की नदी गिळणार, हे पक्ष्याने बजावले होते. तीन वर्षांत त्या आवाजात तिने आपले नाव ऐकले नव्हते. पदर तोंडात धरून ती पैलतीरी गेली.

दुसरी कसोटी सात मुक्या डोंगरांची. तिथे स्वतःच्या पावलांचाही आवाज येत नसे. तेही तिने ओलांडले.

तिसरी जटालाच्या गुहेत. तिथे हजार कुप्या मंद उजळत होत्या.

"एकच ने," जटाल म्हणाला. "चुकलीस, तर राजा श्वास घ्यायलाही विसरेल."

एका कुपीत सोन्याचा पाळणा हलत होता, एकीत हत्तीची सोंड. राणी एकेक पाहत गेली. लग्नानंतर राजाने एकदाच, लाजत, आपली पहिली आठवण तिला सांगितली होती. मंचकाखाली पालथा पडून तो मुंग्यांची रांग पाहत होता आणि जवळून कुणा बाईची ओली पावले गेली. कुणाची, ते त्याला कधीच कळले नाही.

ओल्या पावलांची कुपी तिने उचलली, मणी खाली ठेवला आणि ती परतली.

राजाच्या कानाशी कुपी उघडताच शाप फिटला. त्याने प्रधानाला नावाने बोलावले आणि मणी गेल्याचे कळताच सीमेवरचे पहारे दुप्पट केले. मग तो राणीकडे वळला.

"कुमुदिनी, मधली वर्षे मला दिसत नाहीत. तेव्हा माझ्यापाशी कोण होते?"

"मी होते."

"मला काहीच आठवत नाही."

"मला आठवते, महाराज," राणी म्हणाली, आणि त्याच्या शेजारी बसली.