काचेच्या डोंगरावरचं जेवण

एका राज्यात, उत्तरेच्या गारठलेल्या समुद्राकाठी, झेमोविट नावाचा राजा राज्य करीत असे. तिथली रीत अशी, की हिवाळ्यातल्या मोठ्या सणाला आभाळात पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं आणि एक ताट जास्तीचं मांडायचं. न बोलावता येणाऱ्या पाहुण्याचं. पाहुणा चोर असो की अस्वल, त्याला बसवायचं. अस्वलं क्वचितच येत; आली तर हात धुऊन बसत.

त्या वर्षी राणी यागना वारली होती. राजाने पाहुण्याच्या जागी तिचं निळ्या फुलांचं ताट मांडलं आणि स्वतः वाढलं. तेवढ्यात दारात एक म्हातारी आली.

"जागा आहे का, राजा?"

"भरली आहे, आजी."

म्हातारी काचेच्या डोंगरावरची चेटकीण होती. "जी जेवणार नाही तिला वाढलंस, भुकेलीला उभं ठेवलंस. शेजारी बसलेली लेक तरी दिसते का तुला?" तिने काठी आपटली. राजकन्या मिलका सोन्याचं बदक होऊन खिडकीतून उडाली.

"लेक परत हवी असेल तर मिठाच्या खाणीच्या तळाचा खडा आण. समुद्राच्या तळाचा, मधाच्या रंगाचा तृणमणी आण. मग माझ्या डोंगरावर चढून ये. शिडी न लावता."

राजा निघाला. खाणीतल्या बुटक्यांनी खडा दिला, पण आधी त्यांच्या पणजोबांच्या गुडघेदुखीची हकिकत ऐकवली. समुद्राच्या राणीने मणी दिला, पण आधी केस विंचरून घेतले. केसांतून एक जहाज निघालं, खलाशांसकट.

डोंगराच्या पायथ्याशी एक करकोचा उभा होता. बाकीचे करकोचे हिवाळ्यात दक्षिणेला जातात. हा आळसाने राहिला होता.

"महाराज, काखेत काय?"

"राणीचं ताट. ते पाहून लेक मला ओळखेल."

"बापाला ओळखायला ताट लागतं?"

राजाने ताट काखेत घट्ट धरलं. तो चढला, घसरला. पुन्हा चढला, पुन्हा घसरला.

"एका हाताने काच चढता येत नाही," करकोचा म्हणाला. "तुम्ही पाल असतात तर गोष्ट वेगळी."

राजाने ताट बर्फावर ठेवलं. त्याच्या काठावरून एकदा बोट फिरवलं. मग तो दोन्ही हातांनी चढू लागला, आणि माथ्यावर पोचला.

तिथे चेटकीण बाकावर बसून बिटाचं सार भुरकत होती. समोरच्या बाकावर, वाडग्यापाशी, सोन्याचं बदक होतं.

"जागा नाही," चेटकीण म्हणाली.

"उभा राहतो. ती जेवते का?"

"नुसती चोच बुडवते."

"अळणी असेल. तिच्या आईला कमी मीठ चालायचं, हिला नाही चालत."

राजाने खडा चुरडून वाडग्यात टाकला. शेजारी मणी ठेवला. त्याच्या उबेने सार वाफाळलं. बदकाने एक घोट घेतला. मग ते बाकावर जरासं सरकलं आणि चोचीने वाडगा राजाकडे ढकलला.

राजा बसला. त्याच वाडग्यातून त्याने एक घोट घेतला, तोच सोन्याची पिसं झरझर गळाली. मिलकाने त्याचे तळवे उलटे करून पाहिले.

"बाबा, रक्त आलंय."

"येऊ दे."

ती हलकेच फुंकर घालू लागली.

"आजी," राजा म्हणाला, "पुढच्या सणाला ये."

"बोलावलंस तर नाही येणार. आणि पिसं झाडून जा."

पिसं झाडून झाली. शाप संपला, राज्याला राजकन्या मिळाली. राहता राहिली एकच अडचण, उतरायचं कसं. राजा कड्यावर बसून खाली पाहू लागला. मिलका त्याच्या मांडीवर येऊन बसली आणि म्हणाली, "घसरायचं."

राणी गेल्यापासून राजा हसला नव्हता. त्या दिवशी त्याचं हसू डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत ऐकू आलं, आणि खूप वेगाने.