साळुंकीने मागितलेली राख

एका राज्यात धान्य भरपूर होते, उपाशी माणसेही भरपूर होती, आणि दोघांच्या मध्ये एक दार होते. दुष्काळ पडला तेव्हा राजा विजयध्वजाने आपले कोठार उपाशी माणसांना द्यायचे ठरवले. पण लबाड माणसे शिरतील या धास्तीने त्याने मांत्रिकाला बोलावले. मांत्रिकाने दाराला शापाने बांधले: कोठाराच्या झरोक्यातल्या बोलक्या साळुंकीला भूक ओळखता येईल, तेव्हाच दार उघडेल. राजा निर्धास्त झाला. साळुंकी जन्मापासून धान्याच्या राशीवर बसलेली होती, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही.

भिवरा नावाची विधवा दाराशी आली. तिची लेक ठकी भुकेने अंथरुणाला खिळली होती.

"न पेटलेल्या चुलीची राख आण," साळुंकी म्हणाली.

भिवरा घरी जाऊन चुलीकडे बघत राहिली. चूल पेटलीच नाही तर राख कुठली? शेवटी शेजारच्या गिरजेने आपल्या चुलीतली चिमूटभर दिली. साळुंकीने ती चोचीने उकरली आणि म्हणाली की राख आहे, म्हणजे चूल पेटते. आता साक्षीदार आण.

गिरजा साक्षीला आली. आपल्या भाकरीतला तुकडा आपण या मायलेकींना देतो, असे तिने खरे तेच सांगितले.

"मग ही उपाशी नाही," साळुंकी म्हणाली. "आणि तू देतेस, म्हणजे तुझ्याकडे उरते. तूही उपाशी नाहीस."

गिरजा इतकी गोंधळली की घरी जाऊन रिकामी मडकी उघडून पाहू लागली, खरेच काही उरते की काय. मला विचाराल तर माझेही डोके इथे चालत नाही.

तिसऱ्या खेपेला साळुंकीने ताटात वाढलेली भूक मागितली. भिवराने रिकामे ताट नेले. साळुंकीला त्यात काहीच दिसेना.

"ती आणता येत नाही, साळुंकीबाई," भिवरा थकून म्हणाली. "माझ्या घरी आहे. तिथंच चला."

साळुंकी आली आणि चुलीवर बसून भूक कुठून निघते याची वाट बघू लागली. दिवस मावळला, पुन्हा उजाडला. तिचा घसा सुकला, पंख जड झाले.

"मला काहीतरी होतंय," ती म्हणाली. "काय ते कळत नाही. एक दाणा दे."

आधी राख आण, असे भिवराच्या अगदी ओठांवर आले. पण ठकीने उशाखालचा गिरजेचा तुकडा काढला, काही न विचारता कुस्करला आणि साळुंकीपुढे ठेवला. तो शेवटचा होता.

साळुंकीने दोन कण खाल्ले आणि ती थांबली.

"हीच का ती?"

"हीच," भिवरा म्हणाली.

तिकडे कोठाराचे दार आपोआप उघडले. त्या संध्याकाळी भिवराची चूल पेटली, गिरजेची पेटली, साऱ्या राज्याच्या चुली पेटल्या आणि ठकी उठून बसली. मांत्रिक लाजून राज्य सोडून गेला.

लोक अजूनही भीतभीत राख घेऊन दाराशी येतात. साळुंकी राखेकडे पाहत नाही. ती एवढेच विचारते, "घरी जेवणारी किती?"