दिलेला पत्ता

एका तालुक्याच्या गावी धनश्री नावाची एक तरुण आई राहत होती, आणि एका परक्या बाईच्या मुलाच्या काळजीने तिची झोप उडाली होती. काळजी करण्यात तिचा हात धरणारे तसे गावात कुणी नव्हते. पण आजवर ती काळजी स्वतःच्या मुलीपुरती होती. शर्वरीला जन्मापासून फार कमी ऐकू येई. आता ती पाच वर्षांची झाली होती आणि दोन्ही कानांना मशीन लावून दिवसभर इतकी बडबडत असे, की ही बोलती व्हावी म्हणून आपण कधी काळी नवस बोललो होतो, हे तिची आई सोयीस्करपणे विसरे.

याचे श्रेय बाईंचे होते. बाई कर्णबधिर मुलांच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. निवृत्तीनंतर त्यांनी मुलांचा नव्हे, आयांचा वर्ग काढला. मुलाला शिक्षिका तासभर मिळते आणि आई दिवसभर मिळते, तेव्हा शिकवायचे ते आईलाच, असा त्यांचा साधा हिशेब होता. मुलाशी किती जवळून बोलावे, कपडे घालताना काय बोलावे, मशीन शिट्टी वाजवू लागले तर त्याचा कानात बसणारा, कानाच्या मापाचा साचा कधी बदलावा, हे सारे धनश्री त्यांच्याकडून शिकली. शिकली ते तिने ब्लॉगवर लिहायला घेतले. आपले लिहिणे कुणी वाचते का, ही चिंता तिला सुरुवातीला होती. वाचतात असे कळल्यावर, आपण काही चुकीचे तर लिहिले नाही ना, ही चिंता तिने लावून घेतली.

त्या ब्लॉगवर एक पान होते: मूल कानाचे मशीन सारखे काढून फेकते, तेव्हा काय करावे. शर्वरीने एकदा मशीन वरणाच्या पातेल्यात टाकले होते, त्या दिवशीचे ते लिखाण. आयांच्या व्हॉट्सॲप गटांतून ते पान दूरदूर गेले. त्याचा इंटरनेटवरचा पत्ता मात्र अगदी निर्बुद्ध होता. ब्लॉगचे नाव, त्यापुढे एक प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे एक आकडा. सगळ्याच पानांचे पत्ते तसे होते, कारण ब्लॉग सुरू करताना ते आपोआप तसे पडले होते आणि धनश्रीने कधी तिकडे लक्ष दिले नव्हते.

पुढे ब्लॉगलेखनाच्या एका कार्यशाळेत तिला कळले, की असल्या पत्त्याने शोधणाऱ्याला काहीच कळत नाही. पत्त्यात आकडा नको, शब्द हवेत. तेही लेखकाला सुचलेले सुंदर शब्द नकोत. हैराण झालेली आई फोनवर जे टाइप करेल ते हवेत. ही गोष्ट तिला मनापासून पटली. तिने एका दुपारी शर्वरीला झोपवले आणि पानामागून पान घेऊन पत्ते नवे केले. आया फोनवर मराठी टाइप करतात ते बहुधा रोमन लिपीत, म्हणून तिने पत्तेही तसेच लिहिले: मूल मशीन काढून टाकते, मशीन शिट्टी वाजवते, मूल हाक मारली तर बघत नाही. काम झाल्यावर तिला घर आवरल्यासारखे वाटले. काही आठवड्यांत नवे वाचक येऊ लागले, तेव्हा तर तिने नवऱ्याला चहा करून पाजला आणि आपण फार काही केले नाही, असे त्याला तीनदा ऐकवले.

आणि मग तो निरोप आला. पाठवणारी सुवर्णा नावाची बाई होती. तिने लिहिले होते, “ताई, तुमचं मशीनचं पान उघडेना. ‘पान सापडले नाही’ असं येतंय. माझा विराज दोन वर्षांचा आहे, रोज मशीन काढून फेकतो. पान वाचून वाचून मी धीर धरून होते. सासूबाई म्हणतात, बघ, त्या बाईनंसुद्धा नाद सोडला, तूही सोड. परवापासून मशीन कपाटात ठेवलंय.”

धनश्रीने निरोप दोनदा वाचला. जुने पत्ते बदलले म्हणजे ते बंद पडणार, हे तिच्या लक्षातच आले नव्हते. दोन वर्षांच्या मुलाचे कान कपाटात पडून आहेत आणि ते आपण तिथे ठेवले आहेत, असे तिला वाटू लागले. तिने घाईने सुवर्णाला नवा पत्ता पाठवला. तो पोहोचल्याची खूण काही उमटली नाही. मग तिने कुठे कुठे वाचून एक उपाय शोधला: जुन्या कोणत्याही पत्त्यावर कुणी आले, की त्याला ब्लॉगच्या पहिल्या पानावर आणून सोडायचे. ते जमले. ‘पान सापडले नाही’ हे शब्द नाहीसे झाले. सुवर्णाकडून मात्र काही उत्तर नव्हते, आणि रात्री डोळ्यासमोर ते कपाट येत राहिले.

बाजाराच्या दिवशी ती बाईंना भेटायला गेली. बाईंचा वर्ग मागच्या वर्षी जुन्या जागेतून हलला होता. आधी मंडईमागच्या बोळात एका खोलीत तो भरे, आणि तिथे बटाट्याच्या लिलावाचा आवाज मुलांना मशीन न लावताही ऐकू येतो, अशी बाईंचीच थट्टा होती. आता पुलापलीकडे प्रशस्त, शांत इमारत मिळाली होती. पण बाई तिथे नव्हत्या. मदतनीस मुलीने किंचित ओशाळून सांगितले, की बाजाराच्या दिवशी दुपारी बाई जुन्या खोलीपाशी जाऊन बसतात. का, ते कुणाला सांगत नाहीत. लोक म्हणतात, वयामुळे मन तिकडेच अडकले आहे.

धनश्रीच्या चिंतेत आणखी एका चिंतेची भर पडली. ती मंडईमागे गेली. जुन्या खोलीला कुलूप होते आणि दारावर नव्या जागेची ठळक पाटी होती. समोरच्या दुकानाच्या सावलीत घडीची खुर्ची टाकून बाई मेथी निवडत बसल्या होत्या.

“ये,” त्या म्हणाल्या. “निम्मी जुडी घे. रिकाम्या हाताने काळजी जास्त लागते.”

धनश्रीने मेथी खुडत सारे सांगितले. बाईंनी मध्ये एकदाच विचारले, की त्या सुवर्णाच्या मुलाचे वय काय. सांगून झाले तरी बाई मेथीच निवडत होत्या. धनश्रीला राहवेना.

“बाई, पाटी एवढी मोठी लावली आहे. मग तुम्ही इथे उन्हाच्या कशाला बसता? लोक काय काय म्हणतात.”

“काय म्हणतात?”

धनश्रीने मान खाली घालून मेथीकडे पाहिले.

“म्हातारी विसरायला लागली, हेच ना?” बाई शांतपणे म्हणाल्या. “म्हणू देत. तू दाराकडे बघ.”

बोळातून एक बाई येत होती. कडेवर मूल, खांद्याला बाजाराची पिशवी. ती कुलपापाशी थांबली, तिने पाटी वाचली. ओठ हलत होते, त्यावरून नीट वाचली हे दिसत होते. आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते पाहून धनश्री चकित झाली. ती बाई निराश झाली नव्हती. तिला हायसे वाटले होते. ती वळली आणि एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागली.

“अगं बाळाची आई,” बाईंनी हाक मारली, “कुणाकडं आलीस?”

ती थबकली. मोठ्या बाईंकडं आले होते, म्हणाली. मागं जावेनं हाच पत्ता सांगितला होता. पण बंद आहे तर राहू दे, पुढच्या बाजाराला बघू.

“बंद कुठाय? मीच ती. बाळाला काय होतंय?”

मुलाच्या मशीनमधून शिट्टी येई. ती ऐकून घरचे हसत, म्हणून तिने ते काढूनच ठेवले होते. बाईंनी मुलाच्या कानाची पाळी हळूच मागे ओढून पाहिली, साचा आता लहान पडतो आहे असे त्याच्या आईला समजावले, आणि धनश्रीला म्हणाल्या, “हिला घेऊन जा. नुसती दारात सोडू नकोस. साचे बनवतात त्या खोलीत नेऊन टेबलाशी बसव, मग ये.”

धनश्री दोघांना रिक्षाने घेऊन गेली. इमारत पाहून ती आई दबकली आणि पायरीवरच उभी राहिली. समोर इतक्या खोल्या, इतक्या पाट्या. धनश्रीने तिच्या हातातली पिशवी घेतली, साच्यांच्या खोलीत तिला खुर्चीवर बसवले, आणि मुलाच्या कानाचे माप घेणे सुरू झाल्यावरच ती निघाली. परत येताना पुलावर तिच्या लक्षात काहीतरी येऊ लागले होते, पण ते नेमके काय, हे तिला सांगता आले नसते.

ती आली तेव्हा बाईंनी मेथी पिशवीत भरून ठेवली होती.

“आता ऐक,” त्या म्हणाल्या. “पत्त्यांना तू नावं चांगली दिलीस. शोधणाऱ्या बाईच्या तोंडचे शब्द तिच्या हाताशी ठेवलेस, ही मोठी माया आहे, तिला चूक म्हणू नकोस. मीही जागा बदललीच की. पण घर बदलायचा हक्क आपला असला, तरी दिलेला पत्ता आपला राहत नाही. तो ज्याला दिला त्याचा होतो. तो त्यानं बहिणीला दिलेला असतो, जावेला दिलेला असतो. तो परत मागता येत नाही. तेव्हा जुन्या दाराशी कुणीतरी बसावं लागतं.”

“पण पाटी...”

“आपल्याकडे येणारी आई अर्ध्या मनानं आलेली असते, धनश्री. घरातले नको म्हणत असतात, तिचं स्वतःचं मनही नको म्हणत असतं. पाटी वाचून तिला कळतं की जागा बदलली. पण त्याहून आधी तिला परत जायला एक कारण मिळतं. आत्ता पाहिलंस ना तिचं तोंड? म्हणून मी पाटीसमोर बसते. आणि बसले, तरी तिला नुसत्या मोठ्या दारात सोडत नाही. ती शिट्टीसाठी आलेली असते, तिला शिट्टीपाशीच न्यावं लागतं. तू तुझ्या वाचणाऱ्यांना कुठं नेऊन सोडलंस म्हणालीस?”

“पहिल्या पानावर,” धनश्री पुटपुटली. पहिल्या पानावर सध्या शाळाप्रवेशाची कागदपत्रे कोणती लागतात, हे होते. मशीन फेकणाऱ्या मुलाची दमलेली आई त्या कागदपत्रांसमोर उभी आहे, असे तिला दिसले, आणि मघाशी पायरीवर थबकलेले ते पाऊलही दिसले.

“बाई, तुम्ही असं किती दिवस बसणार?”

“कुणी येईनासं होईल तोवर,” बाई खुर्ची मिटत म्हणाल्या. “आणि मग आणखी थोडे दिवस.”

खुर्ची काखेत मारून त्या बोळातून ताठ चालत गेल्या. धनश्री त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत उभी राहिली. ज्या गोष्टीला आपण आणि सारे गाव विसराळूपणा समजत होतो, तिच्याइतकी जागती आठवण तिने दुसरी पाहिली नव्हती.

घरी येऊन तिने काम पुन्हा हाती घेतले. आता प्रत्येक जुना पत्ता त्याच्या त्याच्या नव्या पानाशी जोडायचा होता. शिट्टीचा शिट्टीच्या पानाशी, हाकेचा हाकेच्या पानाशी. कंटाळवाणे काम होते आणि त्यासाठी कार्यशाळेत कुणी शाबासकी दिली नसती, कारण नीट झाले तर ते झाल्याचे कुणाला कळतच नाही. प्रत्येक पत्ता जोडला, की ती तो स्वतः उघडून पाही. मशीन फेकण्याचे पान तिने पुन्हा पुन्हा उघडून पाहिले. स्वतःवर सहज विश्वास ठेवावा, अशी धनश्री नव्हती. आपण लिहिलेले जगाच्या हाती देतो तेव्हा त्याच्याकडे येणारी वाटही देतो, आणि ती राखणे हा लिहिण्याचाच भाग आहे, एवढे मात्र तिला आता पक्के कळले होते.

काही दिवसांनी दुपारी शर्वरी आईच्या मांडीशी बसून चित्र रंगवत होती, तेव्हा अनोळखी नंबरवरून आवाजातला निरोप आला. सुवर्णाच होती. फोन बिघडला होता, ती म्हणाली, त्यामुळे ताईंचा निरोप काही मिळाला नाही. आता दुसरा फोन घेतला. बहिणीला म्हटले, तो जुनाच पत्ता परत पाठव. दाबून पाहू म्हटले, फार तर उघडणार नाही. तर थेट मशीनचेच पान उघडले. सासूबाईंना वाचून दाखवले. वरणाचे पातेले ऐकून त्या हसल्या, आणि त्यांनी स्वतःच उठून कपाटातून मशीन काढून आणले. सकाळपासून विराजच्या कानात आहे. मग सुवर्णाने, ताईंना दाखवायचे म्हणून, मुलाला हाक मारली. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात तिने “विराज! विराज!” असा पुकारा केला, आणि निरोप संपला.

धनश्रीचे डोळे भरून आले. आपण रडतो आहोत हे मुलीला दिसू नये, म्हणून तिने तोंड फिरवले. शर्वरीने खडू खाली ठेवला, फोनकडे पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“आई, तिला सांग, एवढं ओरडायचं नसतं. जवळ जाऊन बोल म्हणावं. आता ऐकू येतंय त्याला.”